कॉम्प्लिमेंट: मदतनीस, पण कोणाचा?

घरात कोणाला कॅन्सर झाला की नातेवाईक हमखास सांगतात, "इम्युनिटी वाढवा." आणि मग डबे, काढे, पावडरी सुरू. पण इम्युनिटी म्हणजे काय टीव्हीचा व्हॉल्यूम आहे? त्यासाठी हा जुना किस्सा.

१८९५, पॅरिस. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉफच्या लॅबमध्ये ज्यूल बोर्दे हा पंचविशीचा बेल्जियन डॉक्टर काम करत होता. (आपण त्या वयात पहिलं अप्रेझल देत असतो!) कॉलऱ्याची लस टोचलेल्या प्राण्याचं सीरम जंतू मारायचं. ५५ अंशांना तापवलं की थंड पडायचं. पण त्यात लस न टोचलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम घातलं की पुन्हा चालू! म्हणजे अँटिबॉडी उष्णतेला टिकते, पण तिला एक नाजूक जोडीदार लागतो आणि तो सगळ्यांच्याच रक्तात असतो. पुढे पॉल एहर्लिचने त्याला नाव दिलं कॉम्प्लिमेंट, म्हणजे पूरक. बोर्देला १९१९ चं नोबेल मिळालं.

मग कित्येक दशकं गोष्ट सरळ होती. अँटिबॉडी शत्रूवर खूण करणार, कॉम्प्लिमेंट त्याला भोक पाडणार. १९९७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं रिटुक्सिमॅब कॅन्सरच्या पेशी मारताना काही प्रमाणात हीच युक्ती वापरतं.

२००८ मध्ये मात्र गोष्ट फिरली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांना उंदरांमध्ये दिसलं की कॉम्प्लिमेंटचा सी५ए हा तुकडा गाठीत अशा पेशी बोलावतो, ज्या आपल्याच लढाऊ टी पेशींना गप्प बसवतात. सी५एचा रिसेप्टर अडवला तर गाठीची वाढ मंदावली. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधला शोध तर भन्नाटच. मेंदूभोवतीच्या द्रवात पोचलेल्या कॅन्सरपेशी स्वतःच कॉम्प्लिमेंटचं सी३ हे प्रथिन बनवतात. त्याने रक्त आणि त्या द्रवामधली भिंत सैल होते, रक्तातले वाढीला लागणारे घटक आत झिरपतात आणि उपाशी पेशींची चंगळ. थोडक्यात, वॉचमनचाच युनिफॉर्म घालून गेट उघडून घेतलं.

हा बग नाही बरं का! जखम झाली की पेशींना बोलावणं, रक्तवाहिन्या सैल करणं हे कॉम्प्लिमेंटचं रोजचं काम. कॅन्सर फक्त तेच फंक्शन कॉल करतो.

यातलं बरंचसं काम उंदरांवरचं आहे, त्यामुळे लगेच निष्कर्षांवर उड्या नकोत. पण पुढच्या वेळी कोणी पावडरीचा डबा पुढे केला, तर एवढं जरूर विचारा: इम्युनिटी वाढवायची, पण नक्की कुठली? आणि तो डबा उघडायच्या आधी पेशंटच्या डॉक्टरांना दाखवा.