काचेतला दर्या

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. भाचा पुण्यात असतो, कॉम्प्युटरवाला आहे. दोन मित्रांबरोबर त्याने मालवणात एक छोटी फायबरची बोट घेतली आहे. धंद्यासाठी नाही, हौस म्हणून. शनिवार-रविवारी यायचं, देवबागपर्यंत नाहीतर निवतीच्या दीपगृहाच्या दिशेने चक्कर मारायची, गळाला एखादी सुरमई लागली तर संध्याकाळची सोय झाली. मला आनंदच झाला. घरातल्या पुढच्या पिढीला मालवण म्हणजे फक्त आंबे आणि गणपती असं वाटू नये, ही माझी जुनी इच्छा.

पण पुढचं वाक्य ऐकून मी जरा गप्प झालो.

"मामा, बोटीवर रडार बसवतोय. आता धुकं असो, रात्र असो, कधीही बाहेर पडता येईल. पोरांनाही नेईन."

रडार बसवण्यात वाईट काही नाही, उलट चांगलंच आहे. मला खटकलं ते "कधीही". समुद्रावर नवीन यंत्र आलं की माणूस आधी हाच शब्द उच्चारतो. आपल्या किनाऱ्याचा गेल्या शंभरेक वर्षांचा इतिहास या एका शब्दाभोवती फिरतो, असं मला वाटू लागलंय. म्हणून फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

आधी रडारविषयी थोडं. हे यंत्र विमानांसाठी जन्माला आलं असं आपण समजतो. गंमत म्हणजे पहिली कल्पना जहाजांसाठीच होती. १९०४ साली क्रिस्टियान ह्युल्समायर या तरुण जर्मन संशोधकाने कोलोन शहरात ऱ्हाइन नदीच्या पुलावर आपलं यंत्र लावलं. नदीतून बोट आली की तिच्यावरून परत आलेल्या रेडिओ लहरींमुळे घंटा वाजायची. धुक्यात टक्कर टाळायची हाच त्याचा हेतू. पण बोट किती दूर आहे ते त्या यंत्राला थेट सांगता येत नव्हतं, आणि जहाज कंपन्यांनीही त्याला विचारलं नाही. पुढे ३० वर्षं सगळं थंड. मग युद्धाचे ढग जमले. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ वॉटसन-वॉट यांनी उडत्या विमानावरून परतलेल्या लहरी पकडून दाखवल्या. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन तयार केला आणि रडार लहान होऊन विमानात, जहाजात मावू लागलं. युद्ध संपल्यावर ते व्यापारी जहाजांवर आलं.

तेव्हा आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे आगबोटी होत्या. मुंबईहून बंदरं घेत घेत दक्षिणेकडे येणाऱ्या. माझ्या लहानपणी वडिलांबरोबर अशा बोटीने केलेला एक प्रवास मला पुसट आठवतो. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावात उतरून किनाऱ्यावर यायचं. उतरताना आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की ते दुखत होतं. तिच्या त्या पकडीमागे इतिहास होता हे मला फार उशिरा कळलं.

नोव्हेंबर १९२७ च्या वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी कोकणच्या समुद्रात बुडाल्या. मग १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. 'रामदास' सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी हवा, बोटीत गर्दी. काशाच्या खडकाजवळ बोट एका बाजूला कलली, माणसं एका अंगाला आली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काही जणांना वाचवलं. पण मला सर्वात जास्त टोचते ती वेगळीच गोष्ट. अपघात सकाळी झाला आणि मुंबईला बातमी कळली ती संध्याकाळच्या सुमाराला, वाचलेली माणसं किनाऱ्याला लागल्यावर. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. शहर डोळ्यांच्या टप्प्यात, आणि शहराला पत्ता नाही.

तुम्ही म्हणाल, रामदासवर रडार असतं तर? नसता काही उपयोग झाला. रामदास कशावर आपटली नाही, तिला वाट दिसत नव्हती असंही नाही. तिला गरज होती ती बिनतारीची, अंगावर बांधायच्या जॅकेटांची आणि "आज नको" म्हणणाऱ्या माणसाची.

इथे मला एक गोष्ट उमगली. समुद्रावरचे अपघात ढोबळमानाने तीन प्रकारचे. एक, जिथे दिसलं नाही. दोन, जिथे दिसलं पण हाक मारता आली नाही. तीन, जिथे दिसत होतं, हाकही मारता आली असती, पण निघायलाच नको होतं किंवा निघताना तयारी नव्हती. रडार फक्त पहिल्या प्रकारावरचं औषध आहे. आणि आपल्या किनाऱ्यावरची बरीच दुःखं तिसऱ्या प्रकारातली आहेत. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली, दोन पर्यटक गेले. भर दिवसा. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची इंजिन-चाचणीवरची स्पीडबोट आदळली, १५ जण गेले. तेही भर दिवसा, स्वच्छ उजेडात.

बरं, पहिल्या प्रकारात तरी रडार असलं की झालं का? नाही. याचं प्रसिद्ध उदाहरण आपल्याकडचं नाही, अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचं आहे. २५ जुलै १९५६ च्या रात्री 'आंद्रेया डोरिया' हे इटालियन प्रवासी जहाज आणि 'स्टॉकहोम' हे स्वीडिश जहाज एकमेकांवर आदळले. ५१ माणसं गेली. दोघांवर रडार होतं, दोघांनी एकमेकांचा ठिपका बराच वेळ आधी पाहिला होता. पण आंद्रेया डोरियाने धुक्यातही वेग फारसा कमी केला नव्हता आणि समोरच्या ठिपक्याचा मार्ग कागदावर मांडून पाहिला नव्हता. दोन्ही जहाजांना वाटलं, समोरचा कुठे चाललाय ते आपल्याला कळलंय. दोघांना कळलेलं वेगवेगळं होतं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांत म्हणूनच स्पष्ट म्हटलं आहे की डोळ्यांनी आणि कानांनी पहारा कायम हवा, आणि रडारवरच्या अपुऱ्या माहितीवरून अंदाज बांधू नये.

आता मालवण.

शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, १६६७ मध्ये ते पुरं झालं. तटाची लांबी सांगून आपण पाहुण्यांना थक्क करतो. पण किल्ल्याचा एक तट दिसतच नाही. तो म्हणजे भोवतालच्या पाण्यातले खडक. काही ओहोटीला डोकं वर काढतात, काही कधीच काढत नाहीत. वाट माहीत असलेला तांडेल किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून त्यांमधून होडी काढतो. देवळाचं शिखर अमुक माडावर आलं की वळायचं, असा हिशेब. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आलेलं, कागदावर नसलेलं.

आणि रडारची लहर पाण्याखाली जात नाही. भाच्याच्या पडद्यावर किल्ला झकास दिसेल, तटाची कडा लख्ख उमटेल, आणि किल्ल्याची खरी राखण करणारे खडक मात्र अजिबात दिसणार नाहीत. त्यासाठी खोली मोजणारं यंत्र, नकाशा आणि ओहोटी-भरतीचं भान लागतं.

दुसरी अडचण आपल्या होड्यांची. पोलादी जहाजावरून लहर जोरात परत येते. लाकूड आणि फायबरवरून क्षीण. वारा सुटून लाटा उठल्या की पडद्यावर लाटांचेच ठिपके भरतात, आणि ते घालवायला बटण पिळलं की त्यांच्याबरोबर एखादी छोटी होडीही पुसली जाते. जाळ्यांचे फ्लोट तर विचारूच नका. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत दहशतवादी रबरी होडीतून उतरले, त्यानंतर सरकारने किनाऱ्यावर रडारची साखळी उभारली. पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणं: ३६ मुख्य भूमीवर, ६ लक्षद्वीपला, ४ अंदमान-निकोबारला. पण लहान होडीचं कोडं फक्त रडारने सुटत नाही हे तिथेही माहीत होतं. म्हणून जोडीला कॅमेरे आले, आणि २० मीटरपेक्षा लांब बोटींना स्वतःची ओळख सांगणारं एआयएस यंत्र आलं. लांबून बघणाऱ्यालाही शेवटी समोरच्याने "मी इथे आहे" म्हणावंच लागतं.

हे सगळं सांगून मी भाच्याला "नको घेऊस" म्हटलं का? मुळीच नाही. मे अखेरीस अचानक काळं होऊन पावसाचा पडदा येतो तेव्हा तो पडदा किती दूर आहे, कुठे सरकतोय हे रडार छान दाखवतं. अंधारात ट्रॉलर कुठे आहे ते सांगतं. फक्त ते नीट बसवावं आणि नीट शिकावं. शिपिंगमध्ये आयुष्य काढलेल्या एका मित्राला विचारून मी त्याला इतकं लिहून पाठवलं:

रडारचा घुमट माणसांच्या डोक्याच्या वर हवा. लहरी कोणाच्या तोंडावर नकोत आणि समोर आडोसाही नको. पण छोट्या बोटीवर वजन उंच नेलं की बोट जास्त डोलते, म्हणून हाव नको. ४ मीटर उंचीवर रडारचं क्षितिज साधारण साडेचार समुद्री मैल, म्हणजे सव्वाआठ किलोमीटरच्या आसपास. जाहिरातीतला २४ मैलांचा आकडा उंच डोंगरासाठी. होकायंत्रापासून ते पुरेसं लांब असावं. वायर जाड आणि फ्यूज वेगळा. बसवल्यावर नाळ एखाद्या ठळक खुणेवर धरून बघायचं, तिचा ठिपका पडद्यावर बरोबर समोर येतो का. नसेल तर दुरुस्त करायचं, कारण चार अंशांची चूक दोन मैलांवर अडीचशे मीटरची होते. आपली बोट फायबरची, म्हणून धातूच्या पत्र्यांचा परावर्तक वर टांगायचा, म्हणजे दुसऱ्याला आपण दिसू. कोणताही ठिपका एकाच दिशेला राहून जवळ येत असेल तर टक्कर ठरलेली, वेळीच ठळक वळण घ्यायचं. आणि वेग इतकाच, की जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता यावं.

मग पुढच्या शनिवारी तो आला. रडार बसलं होतं. आमच्या शेजारी एक म्हातारे तांडेल राहतात, ऐंशीच्या पुढचे. त्यांनाही आम्ही बोटीवर नेलं. भाच्याने उत्साहाने पडदा दाखवला. हा किल्ला, हा धक्का, ही नांगरलेली बोट. म्हातारबुवा डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले,

"बरा असा. पाण्याखालचा दिसता काय ह्येच्यात?"

"नाही, आजोबा."

"आणि मागसून येता तो वारो?"

"तोही नाही."

"मगे तू ह्या काचेत बघत रवलंस तर दर्यात कोण बघतलो?"

भाचा हसला, पण गप्प झाला. त्या दिवशी त्यांनी एक खेळ केला. भाच्याने पडद्यावरचा एकेक ठिपका सांगायचा आणि म्हाताऱ्याने तो डोळ्यांनी शोधायचा. मग उलट: म्हाताऱ्याने होडी दाखवायची आणि भाच्याने ती पडद्यावर शोधायची. उलट्या खेळात तीन होड्या पडद्यावर सापडल्याच नाहीत. त्यातली एक आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होती, आत एक माणूस जाळं ओढत होता.

भाचा त्या होडीकडे बघत राहिला. परत येताना त्याने पडद्याचा उजेड कमी केला आणि मित्राला पुढे नाळेवर बसवलं, फक्त बघायला. मला वाटतं, रडारची खरी किंमत त्याला तेव्हा कळली. दिवसा, स्वच्छ हवेत, जेव्हा त्याची गरज नसते, तेव्हाच त्याचे दोष डोळ्यांनी ताडून बघता येतात. धुक्यात शिकायला गेलं तर परीक्षा आधी आणि धडा नंतर.

धक्क्यावर उतरताना त्याच्या धाकटीने माझा हात धरला. मी तिचं मनगट जरा घट्टच धरलं असावं. "आजोबा, दुखतंय," म्हणाली.

भाच्याने मात्र एक गोष्ट स्वतःहून सांगितली. "कधीही" हा शब्द मागे घेतला म्हणाला. पोरांना न्यायचं ते दिवसा, जॅकेट घालून, आणि आजोबांनी हवा बघून हो म्हटलं तरच.

असो. सुरमई काही मिळाली नाही. बांगडे विकत आणले.