वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी तुर्कीला जाताय? आधी हे वाचा

मोबाईलवर जाहिरात येते. इस्तंबूलचं हॉस्पिटल, चार रात्री हॉटेल, विमानतळावरून गाडी, दुभाषी, सगळं एका पॅकेजमध्ये. शेजारी ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा फोटो. ब्रिटन किंवा आखातात राहणाऱ्या आपल्या कोकणी नातेवाईकांपैकी कुणीतरी जाऊन आलेलं असतं, आणि मग घरात चर्चा सुरू होते. "मुस्लिम देश आहे, खाणं हलाल, खर्चही कमी, मग काय हरकत आहे?"

हरकत आहे असं आम्ही म्हणत नाही. तुर्कीत चांगले सर्जन आहेत आणि दरवर्षी असंख्य परदेशी रुग्ण तिथे उपचार घेऊन सुखरूप परततात. पण २०२३ या एका वर्षात तुर्कीत वैद्यकीय उपचारांनंतर ६ ब्रिटिश नागरिकांचा मृत्यू झाल्याची नोंद ब्रिटिश सरकारने आपल्या प्रवास सूचनेत केली होती. त्याच वर्षी इस्तंबूल आणि इझमीरमध्ये वजन घटवण्यासाठी पोटात बोटॉक्सची इंजेक्शनं घेतलेल्या ७० हून अधिक लोकांना बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा झाली. त्यात जर्मनीहून गेलेलेही होते. म्हणून घाईत अॅडव्हान्स भरण्याआधी काय काय तपासायचं, ते आम्ही इथे क्रमाने देत आहोत.

१. ऑपरेशनची खरंच गरज आहे का?

सुरुवात बीएमआयपासून करा. वजन (किलो) भागिले उंची (मीटर) गुणिले उंची. उंची १६० सेंमी आणि वजन १०० किलो असेल तर बीएमआय साधारण ३९ येतो.

बॅरिएट्रिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार बीएमआय ३५ च्या वर असेल तर ऑपरेशनचा सल्ला देता येतो. ३० ते ३५ मध्ये असेल आणि डायबिटीससारखा आजार असेल तरी विचार होतो. आपल्यासारख्या आशियाई लोकांना कमी वजनातही डायबिटीस आणि हृदयविकार गाठतात, त्यामुळे आपल्यासाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली धरली आहे.

पण हा आकडा म्हणजे परवाना नव्हे. लग्नात छान दिसायचं म्हणून १० किलो उतरवायचे असतील तर हे ऑपरेशन त्यासाठी नाही. थायरॉईड तपासून घ्या. वजन कमी करणारी नवी इंजेक्शनंही २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत, त्याबद्दलही डॉक्टरांना विचारा. आधीपासून ती इंजेक्शनं घेत असाल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना न विसरता सांगा, कारण त्यांच्यामुळे पोट हळू रिकामं होतं.

२. कोणतं ऑपरेशन, ते समजून घ्या

*स्लीव्ह:* जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळीसारखी अरुंद नळी उरते. पॅकेजमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. कापलेला भाग परत जोडता येत नाही. काहींना नंतर ॲसिडिटी वाढते.

*बायपास:* जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. डायबिटीस आणि जास्त ॲसिडिटी असलेल्यांना याचा फायदा होतो, पण जीवनसत्त्वांची कमतरता जास्त पडते.

*बलून:* हे ऑपरेशन नाही. पोटात फुगा ठेवतात आणि काही महिन्यांनी तो काढतात. सवयी बदलल्या नाहीत तर वजन परत येतं.

कोणता डॉक्टर तुमची तपासणी न करता, फक्त व्हॉट्सअॅपवर वजन-उंची विचारून "स्लीव्ह करून टाकू" म्हणत असेल, तर तिथेच थांबा.

३. परदेशातच का?

हा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारा. मुंबई-पुण्यात ही ऑपरेशनं वर्षानुवर्षं होत आहेत. भारतातल्या आरोग्य विम्याच्या नियमांनुसार वय १८ च्या वर, बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात न येणारा डायबिटीस, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असेल, तर हा खर्च विम्यात बसू शकतो. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ पूर्ण झालाय का ते कंपनीकडून लेखी घ्या. पॉलिसी असूनही हे न तपासता लोक दागिने विकतात, याचं वाईट वाटतं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे सरकारी यंत्रणेत वाट पाहावी लागते, खासगीत खर्च मोठा. तरीही आधी आपल्या जीपीला भेटा. परदेशात खासगी ऑपरेशन करून आल्यावर तातडीचा उपचार मिळेल, पण नियमित तपासणी आपोआप मिळेलच असं नाही. ती कोण करणार, हे जाण्यापूर्वी ठरवा.

४. हॉस्पिटल आणि एजंट कसा तपासाल?

तुर्कीत परदेशी रुग्ण घेण्यासाठी हॉस्पिटलकडे आणि मध्यस्थ एजन्सीकडेही आरोग्य मंत्रालयाचं आंतरराष्ट्रीय आरोग्य पर्यटनाचं प्रमाणपत्र लागतं. ते मागा आणि नाव सरकारी पोर्टल 'हेल्थ तुर्कीये'वर पडताळा. जेसीआय मान्यता असेल तर उत्तम.

मग हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

- ऑपरेशन नेमकं कोण करणार? त्यांचं पूर्ण नाव काय, आणि आधी व्हिडिओवर बोलता येईल का?
- हॉस्पिटलमध्ये आयसीयू आहे का?
- तब्येत बिघडली आणि जास्त दिवस राहावं लागलं किंवा दुसरं ऑपरेशन करावं लागलं, तर पैसे कोण देणार?
- तपासणीत मी ऑपरेशनला अयोग्य ठरलो तर पैसे परत मिळतील का?
- परतल्यावर कुणाशी बोलायचं, आणि किती महिने?

"आज बुक केलं तर सूट" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. हप्त्यांची सोय दाखवली तर त्यात व्याज आहे का तेही विचारा. कमिशन घेणारा नातेवाईक असला तरी प्रश्न हेच.

५. व्हिसा, कागद आणि पैसे

ब्रिटिश पासपोर्टवर तुर्कीत १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. भारतीय पासपोर्टधारकाला व्हिसा लागतो. ब्रिटन, अमेरिका, आयर्लंड किंवा शेंगेन देशाचा वैध व्हिसा अथवा रहिवासी परवाना असेल तरच ई-व्हिसाचा मार्ग खुला आहे, नाहीतर रीतसर अर्ज करावा लागतो.

साधा प्रवास विमा ठरवून केलेल्या ऑपरेशनमधली गुंतागुंत सहसा भरत नाही. त्यासाठी वेगळा विमा मिळतो, तो घ्या. पॅकेजबाहेर तिकीट, सोबत्याचा खर्च, औषधं आणि परतल्यावरच्या तपासण्या असतात. शिवाय अडीअडचणीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवा.

६. जाण्यापूर्वीचे दोन महिने

तंबाखू, सिगारेट, मिस्री किमान सहा आठवडे आधी पूर्ण बंद. डायबिटीसची साखर आटोक्यात आणा. यकृत आकसावं म्हणून बहुतेक सर्जन शेवटचे दोन आठवडे कमी कर्बोदकांचा आहार सांगतात. तो पाळाच, नाहीतर ऑपरेशन अवघड होतं. चालू औषधांची यादी इंग्रजीत डॉक्टरांकडून लिहून घ्या.

एकटं जाऊ नका. बहीण, नवरा, मुलगा, कुणीतरी जबाबदार माणूस सोबत हवा. महिलांनी पडदा, महिला कर्मचारी आणि ऑपरेशन थिएटरमध्ये केस झाकण्याबद्दल आधीच सांगून ठेवावं. ही मागणी तिथे अनोळखी नाही.

७. परतीची घाई करू नका

सगळ्यात जास्त चूक इथे होते. टाक्यांच्या जागेतून गळती झाली तर ती कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी घरी पोहोचल्यावर, तर कधी काही आठवड्यांनीही समजते. ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि विमानात तासन् तास बसून तो वाढतो. म्हणून पॅकेज चार दिवसांचं असलं तरी हॉस्पिटलजवळ सात ते दहा दिवस राहण्याची तयारी ठेवा आणि सर्जनच्या लेखी परवानगीनेच उडा. दाबाचे मोजे घाला, अधूनमधून चाला, रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं दिली असतील तर ती पूर्ण करा. इस्तंबूल फिरणं किंवा तिथूनच उमऱ्याला जाणं पुढच्या वेळेसाठी ठेवा.

ऑपरेशनचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची यादी इंग्रजीत घेतल्याशिवाय निघू नका. तुमच्या पोटात काय केलंय, हे इथल्या डॉक्टरला त्यावरूनच कळेल.

ही लक्षणं दिसली तर थेट इमर्जन्सीत जा: ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणं, नाडी फार जलद चालणं, दम लागणं, पाणीही न टिकणं, काळी शौच, पोटरी सुजून दुखणं. "गॅस झालाय" म्हणून ओवा देत बसू नका.

८. आयुष्यभराची जबाबदारी

पहिले काही आठवडे आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ अन्न. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कायम घ्यायचं, त्यात खंड नाही. रक्ततपासणी ३, ६ आणि १२ महिन्यांनी, मग दरवर्षी. सतत उलट्या होत असतील तर बी-१ कमी होऊन नसांना इजा होऊ शकते, लगेच डॉक्टर गाठा. तीन-चार महिन्यांनी केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. बायपासनंतर दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, अल्सर होतो.

नवविवाहित मुलींना आणि त्यांच्या सासरच्यांना खास सांगणं: १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. त्याबद्दल आधीच डॉक्टरांशी बोला. या काळात "खुशखबर कधी?" असं विचारून तिच्यावर दडपण आणू नका.

९. रोजे, औषधं आणि हलालचा प्रश्न

ऑपरेशननंतर एकावेळी थोडंच पाणी पिता येतं, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत रोजा ठेवणं धोक्याचं ठरू शकतं. बरेच डॉक्टर सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. सूरह बकरामध्ये (आयत १८४-१८५) आजारी माणसाला सवलत आहे. कजा कधी, फिदिया कधी, ते आपल्या मुफ्तींना विचारा आणि डॉक्टरांचा सल्ला त्यांच्यापुढे ठेवा. शक्य असेल तर तारीख रमजाननंतर लगेचची घ्या, म्हणजे पुढच्या रमजानपर्यंत वेळ मिळतो. पुढे रोजे सुरू केले की इफ्तारला एकदम सरबत, खीर, जिलबी नको. बायपास झालेल्यांना त्याने घाम, धडधड आणि चक्कर येते.

रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिन हे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून बनतं, आणि जीवनसत्त्वांच्या अनेक कॅप्सूलमध्ये जिलेटिन असतं. पर्याय आहेत: फोंडापॅरिनक्स हे औषध कृत्रिमरीत्या बनवतात, आणि शाकाहारी कॅप्सूलही मिळतात. पण पर्याय चालेल की नाही हे डॉक्टरच ठरवतील. जीव वाचवण्याच्या प्रसंगी शरीयतही सवलत देते, म्हणून इंजेक्शन गुपचूप बंद करू नका. आधीच विचारून ठेवा.

शेवटचं

आपल्या समाजात हे ऑपरेशन लपवलं जातं. लोक "फिरायला गेलोय" सांगून जातात आणि त्रास झाला की लाजेपोटी डॉक्टरकडे जायला उशीर करतात. लठ्ठपणा हा आजार आहे, त्यावर इलाज करणं गुन्हा नाही. निदान घरातल्या दोन माणसांना खरं सांगून जा, आणि फॅमिली डॉक्टरलाही. अल्लाह शिफा देणारा आहे, पण उंट बांधून मग तवक्कुल करायचं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.