‘बाउ-वाउ’ : एका ध्वन्यनुकारी शब्दाचा अर्थविस्तार

कुत्र्याच्या भुंकण्याचे अनुकरण करणारा ‘बाउ-वाउ’ हा इंग्रजी शब्द सोळाव्या शतकापासून लिखित स्वरूपात आढळतो. शेक्सपिअरच्या ‘टेंपेस्ट’ नाटकात एरिअलच्या एका गीताचे पालुपद म्हणून तो येतो. १६२३ च्या संकलित आवृत्तीत त्याचे लेखन आजच्याहून निराळे आहे. भुंकण्याच्या क्रियेसाठी ‘बार्क’ हे क्रियापद इंग्रजीत प्राचीन काळापासून होतेच. ‘बाउ-वाउ’कडे प्रत्यक्ष ध्वनी ऐकविण्याचे काम होते. ग्रीक आणि लॅटिन भाषांतील भुंकण्याची क्रियापदेही ‘बाउ’ ह्याच ध्वनीने सुरू होतात. परंतु तेवढ्यावरून ह्या शब्दांचे कुल एक ठरत नाही. एकच आवाज ऐकून निरनिराळे समाज स्वतंत्रपणे सारखे शब्द घडवू शकतात.

पुढे बालभाषेत हाच शब्द कुत्र्याचे नाव झाला. अठराव्या शतकात त्याने आणखी एक पाऊल टाकले. बॉस्वेलने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हेब्रिडीज बेटांच्या प्रवासवृत्तात लॉर्ड पेंब्रोक ह्यांचा एक अभिप्राय नोंदविला आहे. डॉ. जॉन्सन ह्यांची वचने इतकी असामान्य वाटतात ती त्यांच्या ‘बाउ-वाउ’ पद्धतीमुळे, असा त्याचा आशय आहे. येथे कुत्रा नाही आणि भुंकणेही नाही. दरारा बसविणारी भाषणशैली तेवढी आहे. १८२६ च्या मार्च महिन्यात सर वॉल्टर स्कॉट ह्यांनी रोजनिशीत जेन ऑस्टिनच्या सूक्ष्म चित्रणाची प्रशंसा करताना, स्वतःला साधणाऱ्या भारदस्त लेखनशैलीला हेच विशेषण लावले.

ह्या शब्दाला भाषाशास्त्रात स्थान मिळाले ते १८६१ मध्ये. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानांत मॅक्समुल्लर ह्यांनी भाषेच्या उत्पत्तीविषयीच्या अनुकरणवादाला ‘बाउ-वाउ’ उपपत्ती असे नाव दिले. हेर्डरने १७७२ च्या निबंधात मेंढीच्या आवाजावरून तिचे नाव कसे घडले असेल ह्याचे विवेचन केले होते; त्या विचारसरणीवर हा रोख होता. अनुकरणाने बनलेले शब्द कृत्रिम फुलांसारखे निर्मूळ व वांझ असतात, त्यांपासून नवे शब्द आणि नवे अर्थ उपजत नाहीत, असा मॅक्समुल्लर ह्यांचा आक्षेप होता. पुढील आवृत्तीत, ह्या नावामुळे काही समीक्षक दुखावले गेल्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला आणि अनादराचा हेतू नव्हता असा खुलासा केला. परंतु नाव रूढ झाले होते. वेज्वुड, फेरर इत्यादिकांनी मांडलेल्या आणि डार्विनने १८७१ मध्ये आधारास घेतलेल्या विचाराची ओळख पुढील पिढ्यांना बहुधा ह्या उपहासाच्या द्वारेच झाली.

तथापि, हे नाव मॅक्समुल्लर ह्यांच्याच आक्षेपाला बाधक आहे. ध्वनीपासून प्राण्याकडे, प्राण्यापासून वाणीच्या दराऱ्याकडे, तेथून लेखनशैलीकडे आणि अखेर एका शास्त्रीय मताकडे ज्या शब्दाचा अर्थ सरकत गेला, त्याला वांझ म्हणता येत नाही. शेवटचे स्थित्यंतर तर स्वतः मॅक्समुल्लर ह्यांनीच घडविले.

अर्थात एवढ्याने अनुकरणवाद सिद्ध होत नाही. सोस्यूर ह्यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात असे शब्द संख्येने थोडे व अंशतः सांकेतिकच असतात असे दाखविले आहे. पिलाच्या चिवचिवाटावरून बनलेला लॅटिन ‘पीपिओ’ हा शब्द फ्रेंचमध्ये ‘पिजाँ’ झाला, तेव्हा त्यातील अनुकरण लोपले. भाषेत शिरलेला आवाज भाषेचेच नियम पाळू लागतो.

हा वाद भारतीय परंपरेलाही नवा नाही. यास्काने निरुक्तात ‘काक’ हा शब्द ध्वनीच्या अनुकरणाने झाला असे मानले आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळ घडते असे म्हटले. औपमन्यवाचे विरोधी मतही त्याने तेथेच नोंदविले, आणि ‘काक’ शब्दाची धातूवरून होणारी व्युत्पत्तीही दिली. विरोधी मताला टोपणनाव न देता ते त्याच्या प्रवर्तकाच्या नावाने मांडण्याची ही पद्धती होती. अनुकरणवादाच्या वाट्याला एकोणिसाव्या शतकात ती आली नाही. म्हणून त्याचे मूल्यमापन करताना अभ्यासकाने प्रथम नाव बाजूला ठेवावे, आणि मग त्यामागील युक्तिवाद तपासावा.