गर्जना आणि बळ : पिक-अप ट्रकच्या धुराच्या नळीची कथा

'गर्जेल तो पडेल काय?' ही म्हण मेघांना उद्देशून रूढ झाली आहे. परंतु मोटारीच्या एंजिनालाहि ती लावून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेंत पिक-अप ट्रक, म्हणजे पुढें बसण्याची जागा व मागें माल टाकण्यास उघडा हौदा असलेली गाडी, गांवोगांव दिसते. ती घेतल्यावर मूळचा सायलेन्सर काढून अधिक मोकळा बसवावयाचा आणि धूर जाण्याची नळी जाड करावयाची, हा तेथील अनेकांचा शौक आहे. असें केलें म्हणजे गाडी गर्जूं लागते, आणि गर्जूं लागली म्हणजे तिचें बळ वाढलें, अशी समजूत होते. ही समजूत सर्वस्वीं खोटी नाहीं आणि सर्वस्वीं खरीहि नाहीं. ती कशी उत्पन्न झाली आणि तिच्यापायीं काय किंमत द्यावी लागली, हें या नळीच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

आवाजाचें मूळ कारण सोपें आहे. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं चार टप्प्यांत काम करणारें एंजिन सिद्ध केलें. त्यांत इंधन व हवा यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें पेटतें, दट्ट्या ढकलला जातो, आणि काम संपल्यावर झडप उघडून जळका वायु बाहेर सोडला जातो. झडप उघडते त्या क्षणीं या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षां पुष्कळच अधिक असतो. तो एकदम सुटतो आणि लहानसा बार होतो. मिनिटाला असे हजारों बार होऊं लागले म्हणजे कानाला ती अखंड गर्जना वाटते.

हे बार निवविण्याची खटपट मोटारीच्या बाल्यावस्थेंतच सुरू झाली. इंडियाना राज्यांतील कोलंबस येथील मिल्टन व मार्शल रीव्ज या बंधूंना १८९७ सालीं एंजिनाचा आवाज कमी करणाऱ्या उपकरणाचें पेटंट मिळालें. पुढें १९०९ सालीं हायरम पर्सी मॅक्सिम यास बंदुकीच्या सायलेन्सरचें पेटंट मिळालें. याच्या वडिलांनीं मशीनगन शोधून काढली होती. म्हणजे पित्यानें जगाला गोंगाट दिला आणि पुत्रानें तो शमविण्याचा उद्योग आरंभिला! मॅक्सिमच्या कारखान्यानें नंतर एंजिनांसाठींहि सायलेन्सर बनविले. तत्त्व दोन्हीकडे एकच : वायूला एकदम बाहेर न सोडतां कप्प्याकप्प्यांतून फिरवून त्याचा जोर मोडावयाचा.

परंतु आडवळण आलें कीं अडथळाहि आला. त्या काळचे सायलेन्सर कोंदट असत. वायु बाहेर ढकलण्यांत एंजिनाची कांहीं शक्ति वायां जाई. म्हणून पुष्कळ गाड्यांना 'कट-आउट' नांवाची एक झडप बसवीत. चढ लागला म्हणजे चालक ती उघडी, धूर सायलेन्सरला वळसा घालून सरळ बाहेर पडे, गाडीला थोडा हुरूप येई आणि आवाजहि प्रचंड होई. आवाज आणि बळ यांची सांगड लोकांच्या मनांत बसली ती अशा अनुभवामुळें. पुढें चढ नसतांनाहि केवळ मिजाशीखातर ही झडप उघडली जाऊं लागली, तेव्हां अमेरिकेंतील अनेक शहरांना तिच्यावर बंदी घालणें भाग पडलें.

फोर्ड कंपनीनें आपल्या 'मॉडेल टी' गाडीला कारखान्यांतच मालाचा हौदा जोडून ती १५ एप्रिल १९२५ रोजीं विक्रीस आणली. किंमत २८१ डॉलर आणि एंजिन अवघ्या २० अश्वशक्तीचें. शेतकऱ्याच्या गरजेला तें पुरे होतें. १९३२ सालीं त्याच कंपनीनें ६५ अश्वशक्तीचें आठ सिलिंडरांचें एंजिन आणलें. त्यांत चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या मांडलेल्या होत्या. आठही बार मिळून समान अंतरानें होत. परंतु एकेका रांगेपुरतें पाहिलें तर त्यांची लय विषम असे : कधीं दोन बार लागोपाठ, तर कधीं मध्यें लांब खंड. कंपनीनें दोन्ही रांगांचा धूर एकाच नळींत आणल्यामुळें हें वैषम्य झांकलें जाई.

कॅलिफोर्नियांतील हौशी तरुणांनीं या रांगा वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र नळी व स्वतंत्र सायलेन्सर दिला. तेव्हां झांकलेली विषम लय मोकळी झाली आणि ती खोल गुरगुर ऐकूं येऊं लागली. वायूला दुप्पट वाट मिळाल्यामुळें भरधांव वेगांत एंजिनाचें बळहि थोडें वाढलें. हे तरुण म्यूरॉक येथील कोरड्या सरोवराच्या सपाटीवर गाड्या पळवीत. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांनीं एकत्र येऊन दक्षिण कॅलिफोर्नियाची वेळनोंद करणारी संघटना स्थापन केली. सरोवरावर निर्णय घड्याळ देई. शहरांतल्या रस्त्यावर तो कान देऊं लागला. घोटाळा झाला तो येथेंच.

कारण नळीचें शास्त्र कानाला दिसतें त्याहून सूक्ष्म आहे. प्रत्येक बाराबरोबर दाबाची एक लाट नळींतून धांवते. नळी जेथें रुंद होते किंवा संपते, तेथून ओढ घेणारी उलट लाट परत फिरते. ती झडप मिटण्याच्या सुमारास पोंचली तर सिलिंडरांतला उरलासुरला धूर ओढून काढते व ताज्या मिश्रणाला वाट करून देते. अवेळीं पोंचली तर उपयोग होत नाहीं. म्हणून नळीची लांबी व व्यास एंजिनाच्या ठराविक वेगाशीं जुळवावे लागतात. नळी वाजवीपेक्षां जाड केली तर आंतील वायूची गति मंदावते, आणि एंजिन सावकाश फिरत असतां त्याचें ओढण्याचें बळ उलट कमी होतें. पिक-अपचें खरें काम तर तेंच : भरला हौदा जागेवरून हलविणें आणि चढ चढणें! एंजिनाला अडथळा हवाच असतो, ही दुसरी लोकप्रिय समजूतहि तितकीच चुकीची आहे. हवी असते ती वायूची गति आणि लाटेची वेळ.

शौकिनांत प्रिय झालेला कांचेच्या लोकरीचा सायलेन्सर म्हणजे भोंके पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोंवतीं त्या लोकरीचा थर. त्यांत अडथळा थोडा. तो चढे स्वर गिळतो आणि खर्ज तेवढा ठेवतो. त्यामुळें गाडी भारदस्त वाटते. परंतु खर्ज म्हणजे अश्वशक्ति नव्हे.

येथवर ही हौस मुख्यतः शेजाऱ्यांच्या झोपेवर उठलेली होती. पुढें तिला गंभीर वळण लागलें. १९७० च्या शुद्ध हवेच्या कायद्यानंतर १९७५ पासून अमेरिकेंतील बहुतेक नव्या मोटारींना विषारी वायूंचें रूपांतर करणारें उपकरण बसूं लागलें, आणि २००७ पासून डिझेल पिक-अपांच्या नळींत काजळी गाळणारी जाळीहि आली. आतां ही नळी नुसती वाट राहिली नाहीं. ती शुद्धीकरणाचा कारखाना झाली. तरीहि बळ वाढविण्याच्या नांवाखालीं हीं उपकरणें उपटून टाकलीं गेलीं. कांहींजण तर मुद्दाम काळ्या धुराचे लोट सोडण्यांत भूषण मानूं लागले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यानें नोव्हेंबर २०२० मध्यें अंदाज दिला कीं, मागील सुमारें दहा वर्षांत साडेपांच लाखांहून अधिक डिझेल पिक-अपांचीं उपकरणें काढलीं गेलीं. त्या गाड्यांच्या आयुष्यांत नायट्रोजनच्या घातक वायूंचे ५,७०,००० टनांहून अधिक जादा उत्सर्जन होणार होतें. हा धूर हुंगणाऱ्यांत ज्यांनीं कधीं चाक हातीं धरलें नाहीं अशीं लहान मुलें आणि दमेकरी माणसेंहि आलीं.

आपल्याकडील बुलेट फटफटीचा सायलेन्सर बदललेला आवाज श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं ऐकला असेल. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा केला, आणि मुंबई-पुण्याच्या पोलिसांनीं जप्त केलेल्या अशा नळ्यांवरून रोड-रोलरहि फिरविले. देश वेगळे, वाहनें वेगळीं. समजूत मात्र तीच.

बळ मोजावयाचें असेल तर त्याला ओझें आहे, चढ आहे, घड्याळ आहे आणि अश्वशक्ति मोजणारें यंत्रहि आहे. कान हा तराजू नव्हे. उत्तम रीतीनें आखलेली नळी एंजिनाला साहाय्य करते यांत शंका नाहीं. परंतु तें साहाय्य बहुधा निमूटपणें होत असतें. बैल गाडी ओढतो तो मानेच्या बळावर. घुंगुरांच्या नादावर नव्हे.