आधी पाइप कोणाच्या दारी? मुंबईचा गॅस आणि उपनगरातले भटारखाने

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार. चेंबूरला आरसीएफच्या आवारात गेलच्या मुख्य गॅसवाहिनीचं नुकसान झालं आणि वडाळ्याच्या केंद्रात येणारा गॅस कमी पडला. दुसऱ्या दिवशी बातम्यांत एकच चित्र होतं, सीएनजी पंपांवरच्या रिक्षांच्या रांगा. पण महानगर गॅसने तेव्हा आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. घरगुती पाइप गॅसला प्राधान्य राहील, आणि कारखान्यांनी व व्यावसायिक ग्राहकांनी पर्यायी इंधन वापरावं.

या दुसऱ्या वाक्याकडे फारसं कोणी बघितलं नाही. घरच्या चुलीला पहिला मान, यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण मंडळी, या शहराचा गॅसचा इतिहास चाळला तर एक गोष्ट सारखी दिसते. शहराला जेवायला घालणारा भटारखाना रांगेत कायम शेवटी उभा आहे.

सुरुवातीपासून बघू. बॉम्बे गॅस कंपनी स्थापन झाली १८६२ मध्ये. १८६५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. दिवे लावणाऱ्या माणसामागून लोक कौतुकाने फिरले, असं जुन्या नोंदींत आहे. हा गॅस दगडी कोळशापासून बनायचा, परळ-लालबाग भागात. म्हणजे मुंबईत गॅस आला तो उजेडासाठी. स्वयंपाकघराचा नंबर नंतर लागला, तोही मुख्यतः शहरातल्या. आपली उपनगरं तेव्हा मुंबईत नव्हतीच. अंधेरी आणि घाटकोपर पालिकेच्या हद्दीत आले १९५० मध्ये, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. तोवर, आणि नंतरही बरीच वर्षं, इथल्या खानावळी कोळशाच्या शेगडीवर, लाकडावर आणि रॉकेलच्या स्टोव्हवर चालल्या.

१९५५ मध्ये माहुलची बर्मा शेल रिफायनरी सुरू झाली आणि त्याच सुमारास कंपनीने ‘बर्शेन’ नावाने सिलेंडरचा गॅस विकायला सुरुवात केली. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी हा शब्द विचारून बघा. सिलेंडरची मोठी सोय म्हणजे त्याला रस्ता खणावा लागत नाही. जिथे पाइप पोचत नाही तिथे तो हातगाडीवरूनही पोचतो. उपनगरांत उडपी हॉटेलं, चायनीजच्या गाड्या, पोळीभाजी केंद्रं एवढी फोफावली, त्यात या लोखंडी टाकीचा वाटा मोठा आहे.

पुढे कंपन्या सरकारी झाल्या. एस्सोची हिंदुस्थान पेट्रोलियम १९७४ मध्ये, बर्मा शेलची भारत पेट्रोलियम १९७६ मध्ये. घरगुती गॅससाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचा तो काळ. टंचाईत घराला झुकतं माप मिळालं आणि दोन वेगळी जगं तयार झाली. घरचा सिलेंडर १४.२ किलोचा, धंद्याचा १९ किलोचा. घरच्याला ५ टक्के जीएसटी, धंद्याच्याला १८ टक्के. घरचा सिलेंडर धंद्यात वापरणं गुन्हा. बिलावर ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलला गॅसवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो पैसा शेवटी तुमच्या-माझ्या मिसळीत येतो.

दरम्यान १९७४ मध्ये बॉम्बे हाय सापडलं होतं. समुद्रातला गॅस उरणला आला, तिथून ट्रॉम्बेला. पण तो गेला खतकारखान्याला आणि वीजकेंद्राला. घरोघरी पाइप न्यायला महानगर गॅस स्थापन व्हावी लागली, ती १९९५ मध्ये. आज आमच्या भागात नवा टॉवर उभा राहिला की पाइप त्याच्याबरोबरच येतो. पण त्याच टॉवरसमोर, चाळीच्या तळमजल्यावर रोज शंभर डबे भरणाऱ्या बाईकडे मात्र सिलेंडरच. कारण सरळ आहे. पाइपला जागेचे कागद लागतात, मालकाची संमती लागते, मीटरला भिंत लागते. पागडीच्या गाळ्यात, रस्ता रुंदीकरणात जाणाऱ्या दुकानात, घाटकोपरच्या खाऊगल्लीतल्या गाडीवर यातलं काय मिळणार?

हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. १६ ऑक्टोबर २०१५ ला कुर्ला पश्चिमेच्या ‘सिटी किनारा’ हॉटेलात आग लागून आठ जण गेले, त्यातली सात कॉलेजची मुलं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचून राहतो, ठिणगीची वाट बघत. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका, खिडकी उघडी असेल तर वर निघून जातो. त्या हॉटेलात सिलेंडर होते, बेकायदा पोटमाळा होता, आणि तक्रारी होऊनही ते चालू होतं. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरून प्रत्येक कुटुंबाला ५० लाख रुपये द्यायला सांगितलं. हे घडायला जवळपास दहा वर्षं लागली.

मग सगळ्यांना पाइप दिला की संपलं? तसंही नाही. पाइप गॅसमध्ये, तेवढ्याच घनफळाला, एलपीजीच्या निम्म्याहून कमी उष्णता असते. त्यामुळे बर्नरचे जेट बदलावे लागतात. हाय प्रेशरच्या भट्टीची सवय झालेला चायनीजचा आचारी पहिले काही दिवस कुरकुरतोच. आणि मोठी गोष्ट पुढे आहे. देशातला स्वस्त गॅस सरकार आधी घरगुती पाइपला आणि सीएनजीला देतं. हॉटेलच्या पाइपमधला गॅस बऱ्याच अंशी आयात केलेला, बाजारभावाचा. आपण जाळतो त्यातला सुमारे ६० टक्के एलपीजीही बाहेरून येतो, बहुतेक आखातातून. कतारचा द्रवरूप गॅस आणि हा एलपीजी, दोन्ही होर्मुझच्या त्याच चिंचोळ्या सामुद्रधुनीतून निघतात. म्हणजे भटारखान्यात निळा सिलेंडर असो की पिवळा पाइप, दोघांची नाडी एकाच ठिकाणी.

त्यात आता लाकूड-कोळसाही जातोय. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. मग पालिकेने तंदूरवाल्या हॉटेलांना आणि ढाब्यांनाही नोटिसा दिल्या. हवा सुधारायलाच हवी, त्यात वाद नाही. पण जुना आधार काढून घेताना नवा कुठे आहे, हेही सांगायला नको का?

माझ्या मते पुढच्या दहा वर्षांसाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. एक, पाइपची जोडणी जागेच्या मालकीपेक्षा स्वयंपाकघराच्या परवान्याशी जोडा. ज्याला पालिकेने खाद्यपदार्थ विकायला परवाना दिलाय त्याला सुरक्षित इंधनही मिळू द्या. दोन, जिथे खाऊगल्ली आहे तिथे रस्ता एकदा खणून सामायिक मीटरची सोय करा. दर पावसाळ्यानंतर रस्ते खणतोच आपण. तीन, सगळा भार एका इंधनावर नको. इडलीचा कुकर, चहा, भात विजेवर होऊ शकतो. पण अंधेरी-बोरिवलीला अदानी आणि मुलुंडला महावितरण छोट्या हॉटेलला जादा लोड किती खर्चात आणि किती दिवसांत देतात, त्यावर ते अवलंबून आहे.

१८६५ मध्ये पाइप कुठे न्यायचा ते एका कंपनीने ठरवलं. आज पालिका, गॅस कंपनी आणि वीज कंपनी ठरवतात, आणि निवडणुकीत मत मागायला आपल्या दारी येणारे त्यांना जाब विचारू शकतात. वॉर्डातल्या रस्त्यांचा हिशोब मागतो तसा हाही मागूया. तुम्ही रोज जिथे खाता तिथे चुलीखाली काय आहे, एकदा विचारून बघा आणि इथे लिहा. हॉटेल, पोळीभाजी केंद्र किंवा गाडी चालवणारे कोणी वाचत असतील तर त्यांनी तर लिहाच. पाइपसाठी अर्ज केला होता का, आणि पुढे काय झालं?