वेळूचा कामठा आणि उलटा बाक

तिरंदाज प्रथमेश जावकर बुलढाण्याचा. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. त्याच्या कंपाउंड धनुष्यात लाकूड औषधालाही नाही. पण याच जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या सातपुड्यात, भिल्ल-भिलालांचा तीरकामठा वेळूचाच. त्याची दोरीसुद्धा वेळूची असते, सालीची तासून काढलेली कामटी.

ही दोरी फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराची व्यवस्था सांगताना धनुष्याला ताड, वेळू, लाकूड आणि शिंग असे चार माल दिले आहेत, आणि दोरीच्या यादीत मोरवेल, रुई, ताग, स्नायू यांच्याबरोबर वेळूही आहे. राजाच्या कोठारातली ती वस्तू टिकली डोंगरातल्या पाड्यांवर. अग्निपुराण तर चंदन, वेत, साल, धावडा, अर्जुन अशी लाकडं मोजून शेवटी पहिला मान शरदात तोडलेल्या वेळूला देतं. शरदाची ही अट मला कुठल्याही मंत्रापेक्षा मोलाची वाटते. पावसाळ्यात नवे कोंब वाढवण्यात जुन्या वेळूतला पिठूळ साठा खर्ची पडतो, आणि घुणकिड्याला खायला फारसं उरत नाही.

रिकर्व्ह म्हणजे टोकं उलटी वळलेलं धनुष्य. त्याचं कूळ मात्र मध्य आशियाच्या गवताळ माळांवरचं. तिथे चांगलं लाकूड दुर्मीळ, जनावरं उदंड. म्हणून मधे लाकडाची पातळ पट्टी, तिरंदाजाच्या बाजूला दाब सोसणारं शिंग, पुढच्या बाजूला ताण सोसणारे स्नायू, आणि सगळं सरसाने चिकटवलेलं. आपल्या पावसाळी हवेत सरस सैल पडतो. नुसत्या लाकडाला वाफ देऊन तसा बाक आणता येतो, पण खेचताना धनुष्य त्या वळणावर मोडण्याची भीती असते. साध्या कामठ्याला उलटा बाकच नाही, म्हणून ही धास्तीही नाही.

तरी हाताने रिकर्व्ह करायचंच असेल, तर सातपुड्यात माल आहे. धावडा दणकट, बैलगाडीच्या आसाला चालणारा, पण जड. माझं मत धामणीला. कावडीची दांडी धामणीची करत आले ते उगाच नाही, ती वाकते आणि परत सरळ होते. फळी निवडताना लाकडाच्या तंतूंची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावते का तेवढं पाहा. रेषा काठाबाहेर पळाली की फळी तिथेच फुटणार. ताणाच्या बाजूला वेळूची पट्टी चिकटवा, साल बाहेर ठेवून. वेळूचे तंतू सालीलगतच सर्वांत दाट असतात. त्यातही मानवेल घ्या, तो जवळजवळ भरीव असतो.

राष्ट्रीय स्पर्धांतल्या ‘इंडियन राउंड’मध्ये मुलं आजही वेळूचं धनुष्य घेऊन ५० आणि ३० मीटरवर नेम धरतात, तेव्हा हा माल इतिहासजमा झालेला नाही. फक्त कुऱ्हाड घेऊन अंबाबरव्यात शिरू नका. ते अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथली तोड गुन्हा ठरते. धामण तोडण्याआधीही वनखात्याला विचारा. वेळूची गोष्ट वेगळी. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा वेळू वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. तेव्हा बांधावर मानवेलाचं बेट लावा, आणि तीन वर्षं मुरलेला वेळू दिवाळीच्या सुमारास काढा.