लॅमिंग्टन रोडवरच्या वादात राहून गेलेला प्रश्न

नव्वदच्या दशकात मुंबईत संगणकावरून वाद घालायचं एक ठरलेलं ठिकाण होतं, ते म्हणजे लॅमिंग्टन रोड. सरकारी कागदांवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव लोकांच्या तोंडून काही गेलं नाही. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत गाठता येणारा हा रस्ता आधी सिनेमाचा. इथल्याच मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला. पुढे रेडिओचे सुटे भाग आणि स्पीकर विकणाऱ्या दुकानांच्या शेजारी मदरबोर्ड, रॅम आणि हार्ड डिस्क येऊन बसल्या.

गिरगाव, लालबाग, परळपासून मदनपुरा, भायखळ्यापर्यंतची पोरं इथं यायची. प्रश्न ठरलेले असत. इंटेल घ्यावा की एएमडी? कंपनीचा तयार संगणक बरा की सुटे भाग आणून जोडलेला? आणि इंटरनेट आल्यानंतर, नेटस्केप चांगला की एक्सप्लोरर? हे वाद तावातावाने चालत. किती मेगाहर्ट्झ, किती मेगाबाइट, किती रुपये, या तीन मापांवर निकाल लागे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. म्हणून या वादाकडे मागं वळून पाहताना मला एक गोष्ट खटकते. यात मराठी नीट लिहिता येतं का, उर्दू वाचता येते का, हे माप त्या वादात जवळजवळ नव्हतंच. आपल्या दोन भाषांसाठी खरा प्रश्न मात्र तोच होता. आणि तो न विचारल्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

यंत्र आणि लिपी यांचं भांडण संगणकाबरोबर आलेलं नाही. मुंबईत ते छापखान्यापासून चालू आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर अक्षरं उतरवून. मराठी छपाईच्या सुरुवातीच्या काळात दगडाचं हे स्थान होतं. पुढे मराठी खिळ्यांकडे वळली. काळबादेवीच्या कोळभाट गल्लीत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९मध्ये सुरू झाला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने घडवलेले तिथले नागरी खिळे देशभर नावाजले गेले. विसाव्या शतकात गिरगावच्या खटाववाडीतलं मौज प्रिंटिंग ब्युरो हे शुद्ध आणि देखण्या मराठी छपाईचं दुसरं नाव झालं. पण जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या, रफार या सगळ्यांचे खिळे वेगवेगळे. इंग्रजीचं काम जेवढ्या खणांत भागे, त्याच्या कितीतरी पट खण मराठी जुळाऱ्यापुढे असत.

उर्दूची अडचण याहून मोठी होती. उर्दू वाचकाला नस्तालिक हवं. त्यात अक्षराचा आकार शेजारच्या अक्षरावर ठरतो आणि शब्द उजवीकडून डावीकडे येताना वरून खाली उतरतो. सरळ ओळीत बसणाऱ्या खिळ्यांना ही उतरण झेपेना. अरबीसाठी वापरलं जाणारं नस्ख खिळ्यांत बसत होतं, पण ते उर्दू वाचकाच्या डोळ्यांना परकं वाटे. त्यामुळे मराठीने दगड सोडला तरी उर्दू दगडाजवळच राहिली. भेंडी बाजार, महंमद अली रोडच्या परिसरात कातिब मंडळी हाताने पान लिहीत आणि ते छापलं जाई. अब्दुल हमीद अन्सारींनी १९३८मध्ये मुंबईत ‘इन्किलाब’ सुरू केलं, त्या काळात उर्दू दैनिक म्हणजे रोज रात्री कातिबांनी हाताने लिहून काढलेला मजकूर. बातमी उशिरा आली तर वाहून जायची ती कातिबाची रात्र.

म्हणजे खटाववाडीचा जुळारी आणि भेंडी बाजारचा कातिब यांच्यात फार अंतर नव्हतं. दोघंही एकाच गोष्टीशी झगडत होते. यंत्र परक्या लिपीसाठी बनलेलं होतं आणि आपली लिपी त्यात बसवायची होती.

देशात घडवलेल्या सुरुवातीच्या संगणकांपैकी एक याच दक्षिण मुंबईत, कुलाब्याला उभा राहिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला तो संगणक १९६०मध्ये सुरू झाला आणि १९६२मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालं. रं. नरसिंहन हे त्यामागचं मोठं नाव. तो आकडेमोडीचा संगणक होता. त्याच्याकडून मराठी पत्राची अपेक्षा कुणी केली नाही आणि करण्याचं कारणही नव्हतं. संगणक घरात आणि दुकानात आला, तेव्हा मात्र परिस्थिती बदलली. आता त्यावर लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, मंडळाची पावतीपुस्तकं आणि मस्जिदीचं रमजानचं वेळापत्रक करायचं होतं.

दादर-गिरगावात छपाईची कामं संगणकावर गेली ती श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरमुळे. उर्दूत पाकिस्तानातल्या अहमद मिर्झा जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी नूरी नस्तालिक तयार केलं. हजारो जोडआकृती एकेक करून लिहिल्या आणि त्या यंत्रात साठवल्या. १९८१मध्ये त्यावर लाहोरचं ‘जंग’ निघू लागलं. मग १९९४च्या सुमारास दिल्लीच्या कंपनीचं इनपेज आलं आणि साध्या संगणकावर नस्तालिक उमटू लागलं. कातिबांच्या हातचं काम गेलं, पण उर्दू छपाई वाचली, हेही तितकंच खरं.

या सॉफ्टवेअरांमागची युक्ती मात्र समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं दुखणं तिथूनच निघतं. संगणकाला तेव्हा मुळात इंग्रजी अक्षरंच ठाऊक. मराठी फाँट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मात्रा, वेलांट्या आणि अर्ध्या अक्षरांचे तुकडे बसवले. पडद्यावर आपल्याला ‘शाळा’ दिसे. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची ओळ असे. तो फाँट काढून घेतला की ‘शाळा’ नाहीशी होऊन नुसती खिचडी उरायची. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एका फाँटमधलं मराठी दुसऱ्यात वाचता येत नसे. इनपेजचं खातंही वेगळंच होतं. त्याची फाइल इनपेजशिवाय उघडायची म्हटली तर हाती काहीच लागत नसे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट खुलं केलं. पहिल्या शहरांत मुंबई होती. विद्यार्थ्यांना परवडणारं खातं नुसतं अक्षरांचं. त्यावर लिंक्स नावाचा ब्राउझर चाले, त्यात ना चित्र ना नागरी अक्षर. चित्रं दाखवणारं खातं महाग. त्याच सुमारास नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांची लढाई पेटली. लॅमिंग्टन रोडवर लोक बाजू घेऊ लागले. मायक्रोसॉफ्ट आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट देऊन दुसऱ्याला मारते आहे, ही तक्रार १९९८मध्ये अमेरिकेच्या सरकारने कोर्टात नेली. आपल्याकडे वाद होता वेगाचा आणि दिसण्याचा.

मराठी वाचकासाठी या लढाईचा अर्थ वेगळाच होता. मराठी वर्तमानपत्रं वेबवर आली ती आपापले फाँट घेऊन. आधी फाँट उतरवून घ्या, मग वाचा. नंतर पानासोबत फाँट आपोआप पाठवायची सोय निघाली. पण नेटस्केपची पद्धत एक आणि एक्सप्लोररची दुसरी. नेटस्केप हरला आणि एक्सप्लोररची पद्धत उरली. पुढे नोव्हेंबर २००४मध्ये फायरफॉक्स आला. संगणकातले जाणकार सांगू लागले, एक्सप्लोरर सोडा, तो असुरक्षित आहे. सल्ला योग्यच होता. पण फायरफॉक्समध्ये अनेक मराठी पानांची खिचडी दिसे. ती सरळ करण्यासाठी ‘पद्मा’ नावाची जोडणी बसवावी लागे. सकाळी मराठी बातम्या वाचणाऱ्या घरात चांगला ब्राउझर कोणता, याचं उत्तर म्हणूनच जाणकारांपेक्षा वेगळं येत होतं, आणि ते चूक नव्हतं.

उर्दू दैनिकांनी आणखी वेगळी वाट काढली. पान इनपेजमध्ये बांधायचं, त्याचं चित्र करायचं आणि ते चित्र वेबवर लावायचं. त्यामुळे कुठल्याही ब्राउझरमध्ये नस्तालिक देखणं दिसे. पण टेलिफोनच्या तारेवरून ते उतरायला वेळ लागे आणि त्यातला एक शब्दही शोधता येत नसे. वर्षानुवर्षांच्या बातम्या, अग्रलेख, मुशायऱ्यांचे वृत्तांत असे चित्रांत बंद झाले.

या दुखण्यावर औषध होतं युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक. त्याची पहिली आवृत्ती १९९१मध्ये आली. त्यात देवनागरीला १२८ जागांचा गट मिळाला, तोही आपल्याच देशात ठरलेल्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणाच्या धर्तीवर. एक बारीक गोष्ट इथं मला महत्त्वाची वाटते. ‘इस्की’त मराठी होती, पण उर्दूची लिपी नव्हती, तिच्यासाठी वेगळं प्रमाण असावं असं ठरलं होतं. एकाच शहरात, एकाच शाळेत शिकवल्या जाणाऱ्या या दोन भाषा देशी प्रमाणात वेगळ्या टेबलांवर होत्या. युनिकोडमध्ये त्या पहिल्यांदा एका टेबलावर आल्या. आज मी एकाच पानावर एक ओळ मराठी आणि एक ओळ उर्दू लिहू शकतो, ते त्यामुळे.

पण क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर दिसतं असं नाही. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली ती ‘मंगल’ या फाँटमधून. तो रेखाटला मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी, मुंबईतल्या एनसीएसटी या संस्थेत.  विंडोज एक्सपीत तर भारतीय लिपींसाठी एका चौकटीत खूण करून विंडोजची सीडी पुन्हा घालावी लागे. ती सीडी नसली की मराठी बंद. आणि मराठीचा अर्धा ‘र’ बराच काळ छळत राहिला. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. हा ‘दर्या’ फारसीतून आपल्याकडे आला, उर्दूतही तो नदीच्या अर्थाने आहे. कित्येक सॉफ्टवेअरांत या दोहोंतला फरकच उरत नसे, डोंगरातल्या दऱ्यांचा सरळ समुद्र होई. मराठी वर्गात शिकवणाऱ्याला ही गंमत वाटत नाही.

उर्दूला तर आणखी थांबावं लागलं. युनिकोडमुळे उर्दू दिसू लागली, पण नस्खमध्ये. नस्तालिकचा फाँट विंडोजसोबतच येऊ लागला तो २०१२च्या विंडोज ८पासून. गूगलचा नोटो नस्तालिक २०१४चा. म्हणजे मुंबईत इंटरनेट सुरू झाल्यावर जवळपास दोन दशकं साधा उर्दू वाचक संगणकावर आपली लिपी आपल्या रूपात पाहण्यासाठी जुगाड करत होता.

लॅमिंग्टन रोडच्या त्या वादाला मी कमी लेखत नाही. भावाची घासाघीस करणाऱ्या त्या पोरांमुळेच, सुटे भाग जोडून का होईना, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत संगणक पोचला. गिरणगावात गिरण्या बंद पडत असताना कितीतरी मुलांनी टायपिंग, डीटीपी, दुरुस्ती यांवर घर चालवलं. त्यांच्यासाठी दोन हजार रुपयांचा फरक हा शौकाचा विषय नव्हता. आणि ‘इंग्रजी शिक, मग सगळं चालतं’ असं कुणी म्हणालं, तर त्यामागे नोकरीचा अनुभव होता.

तरी इंग्रजी शिकल्याने मराठीची फाइल उघडत नाही. आज कितीतरी शाळा, वाचनालयं, मदरसे, छोटे प्रकाशक यांच्या कपाटांत जुन्या सीडी पडून आहेत. त्यांत १९९५ ते २०१०च्या दरम्यानची स्मरणिका, दिवाळी अंक, उर्दू शाळांची वार्षिकं, स्थानिक इतिहासाची हस्तलिखितं आहेत. छापील प्रत वाळवीने खाल्ली असेल आणि फाइल उघडत नसेल, तर तो मजकूर गेला. गणपत कृष्णाजींच्या काळातलं छापील पान आजही वाचता येतं, पण वीस वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही, ही आपल्या काळाची अवस्था आहे.

काम अवघड नाही, पण वेळेत करायला हवं. जुन्या फाँटमधला मजकूर आणि इनपेजच्या फाइल युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आज सहज मिळतात. मात्र ती चुका करतात, म्हणून बदललेला मजकूर लिपी जाणणाऱ्या माणसाने डोळ्याखालून घालायला हवा. ‘दऱ्या’ की ‘दर्या’ हे यंत्राने नव्हे, वाचणाऱ्याने ठरवायचं. हे काम आपल्या शाळांतले शिक्षक आणि वरच्या वर्गांतली मुलं करू शकतात. नव्या पिढीला आपली लिपी लिहायचं एक कारणही त्यातून मिळेल. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं फोनवर उर्दू आणि मराठी दोन्ही रोमन अक्षरांत लिहितात. त्यांच्या फोनमध्ये दोन्ही लिप्यांची सोय आहे, पण ती चालू करून द्यायला घरात कुणी सांगत नाही.

वाद आजही चालूच आहेत. अँड्रॉइड की आयफोन, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास. ते चालू द्यावेत, त्यात मजाही आहे. फक्त दुकानात उभं राहून पैसे देण्याआधी एक ओळ मराठीत आणि एक ओळ उर्दूत लिहून पाहावी. ती ओळ नीट उमटली नाही, तर ते यंत्र कितीही वेगवान असलं तरी आपल्यासाठी अपुरंच आहे.